अजून काही राह्यलं का?

मे महिन्यात देवदान गुरुजींकडे मन मोकळं करायला जाणारा माणूस खांद्यावर एक कोरडा दुपट्टा टाकून जात असे. कारण तुमचं ऐकायला बसण्यापूर्वी गुरुजी उठून कूलर बंद करत.

दुपारचे तीन वाजलेले. सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत चिटपाखरू नाही. खिडकीत बसवलेला जुना लोखंडी कूलर ओल्या खसचा वास सोडत घरघरतो आहे आणि त्या दोन खोल्यांत सुखाची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू आहे. अशा वेळी तुम्ही "गुरुजी, जरा बोलायचं होतं" एवढं म्हणायचा अवकाश, ते बटण बंद करत, पंख्याची पाती पूर्ण थांबेपर्यंत तिथंच उभे राहत, मग स्टूल ओढून असे बसत की त्यांचा उजवा कान तुमच्या तोंडासमोर यावा. डावा कान लहानपणच्या एका दुखण्यात गेला होता. "हं. आता सांग," एवढंच ते म्हणत. त्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द निघायला अर्धा तास लागे, कधी तास.

आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं याची थट्टा करत. "गुरुजीकडे जाऊन राहिला का बे? सोबत मीठ-साखरेचं पाणी घेऊन जाजो." गुरुजींच्या कानावर हे गेलं, उजव्याच. ते म्हणाले, "बरोबर म्हणते पोट्टे. घाम आल्याशिवाय खरं निघत नाही."

ते एका मिशन शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते. वर्गात व्याकरणाची एक चूक त्यांना खपत नसे, मात्र घरी आल्यावर चपलांबरोबर प्रमाणभाषाही दाराबाहेर ठेवत. पत्नी लवकर गेल्या. एकच मुलगी, तिचं लग्न दुसऱ्या गावी झालं होतं. आमच्या लहानशा मराठी मंडळीत ते वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक, म्हणून निवडले गेले होते, पण पंचांच्या बैठकीत त्यांचा आवाज क्वचित ऐकू येई. त्यांचं खरं काम त्या स्टुलावर चाले. पाळकसाहेबांना जे सांगता येत नसे, ते लोक गुरुजींना सांगत. सुनेने, सासूने, दारू सुटत नसलेल्या नवऱ्याने आणि त्याच्या बायकोने, सगळ्यांनी त्याच घरात वेगवेगळ्या दिवशी घाम गाळला होता आणि एकाचं दुसऱ्याला कधी कळलं नव्हतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. गायनपथकाच्या प्रमुखाविषयी तक्रार होती. तो पक्षपाती आहे, गर्विष्ठ आहे, त्याला सूर कळत नाही. चाळीस मिनिटं बोललो. सदरा पाठीला चिकटला. माझं संपलं तरी गुरुजी काही बोलेनात. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. मग त्यांनी विचारलं, "अजून काही राह्यलं का?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. मी "नाही" म्हणणार होतो. पण त्या शांततेत काहीतरी खालून वर आलं आणि मी म्हणालो, "नाताळच्या गाण्यात त्याने मला एकट्याला गायला दिलं नाही."

"हं," गुरुजी म्हणाले. "पाणी पी." आणि त्यांनी कूलर सुरू केला.

ज्यांनी ज्यांनी तो प्रश्न ऐकला आहे, ते सगळे हेच सांगतात. काहीतरी नेहमी राहिलेलं असे, आणि ज्यासाठी माणूस आला होता ते तेच असे.

शास्त्र ते फारसं उद्धृत करत नसत. याकोबाच्या पत्रातल्या एका ओळीवर मात्र त्यांची भिस्त होती आणि ती ते आपल्या बोलीत सांगत: "प्रेषितानं कानाले घाई सांगितली अन् जिभेले सबुरी. आपण सारे उलटं करून राहिलो." एकदा मी विचारलं की समोरच्याचं दुःख इतकं उघड दिसत असताना ते त्याच्या तोंडून वदवून घेण्याची काय गरज? ते म्हणाले, "रस्त्याच्या कडेला तो आंधळा ओरडून राहिला होता. त्याले दृष्टीच पाहिजे, हे प्रभूले दिसत नव्हतं का? तरी विचारलं ना, तुझ्यासाठी काय करू म्हणून. त्याचं त्याच्या तोंडून ऐकाचं होतं. आपण तं आंधळ्याच्या आधी आपणच बोलतो."

नाताळच्या जेवणावरून रूथबाई आणि सुशीलाबाई यांचं भांडण झालं, तेव्हा दोघींनी एकमेकींच्या शेजारी बसणं सोडलं. पुढे तर चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीलाही एक आली की दुसरी येईना. गुरुजींनी दोघींना एप्रिलमधल्या एकाच दुपारी बोलावलं आणि नियम घातला. उत्तर देण्याआधी समोरची काय म्हणाली ते तिचं समाधान होईपर्यंत सांगायचं, मग आपलं. ईस्टरच्या पंगतीची भांडी त्यांच्याकडे परत करायला मी गेलो होतो, तो तिथंच अडकलो.

"ही म्हणते का मी रश्शात मुद्दाम पाणी टाकलं," रूथबाई म्हणाल्या.

"मुद्दाम म्हटलं नाही मी!" सुशीलाबाई कडाडल्या. "काहून खोटं बोलतेस वं?"

"पुन्हा सांगा," गुरुजी शांतपणे म्हणाले.

"ही म्हणते का रश्शात पाणी जास्त झालं."

"आता बरोबर."

"पण झालंच नव्हतं ना गुरुजी! चाळीस माणसं जास्तीची आली, मी काय करू? अंगठा कापून टाकू का त्याच्यात?"

"आता तुम्ही सांगा, सुशीलाबाई. ह्या काय म्हणाल्या?"

सुशीलाबाईंनी पदर सावरला. कपाळावरून घाम ओघळत होता. "ही म्हणते, चाळीस माणसं जास्तीची आली." आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "मले हे कोणी सांगितलंच नाही वं." मग दोघीही हसल्या, आणि रूथबाई म्हणाल्या, "आता तरी कूलर लावा गुरुजी, नाहीतं दोघीचाही अंत्यविधी तुम्हालेच करा लागन."

त्या काळात मंडळीत मी माझ्या प्रार्थनांसाठी ओळखला जात होतो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिणं भाग आहे. आवाज मृदू होता, शब्द आपोआप येत, उपमा सुचत. घरोघरी होणाऱ्या बुधवारच्या प्रार्थनासभेत शेवटची प्रार्थना माझ्याकडे असे आणि लोक डोळे पुसत उठत. गुरुजींनी एकदा मला दाराशी गाठलं. "प्रार्थना चांगली झाली," ते म्हणाले. "पण देवाले मधात बोलाले वेळ भेटला का गा?" मी हसलो. मला तो विनोद वाटला.

त्याच वर्षी गुरुजींची मुलगी सासर सोडून परत आली. का आली हे कुणालाच माहीत नव्हतं. ती उपासनेला येत नसे, खिडकीतही दिसत नसे. लोक गुरुजींना आडून विचारत आणि ते म्हणत, "घर तिचंच हाय." तिने कारण फक्त आपल्या वडिलांना सांगितलं होतं, आणि तेही बऱ्याच महिन्यांनी.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी गुरुजी माझ्या घरी आले. ते कधी कुणाकडे स्वतःचं बोलायला गेले नव्हते. बसण्याआधी त्यांनी माझ्या घरचा कूलर स्वतःच्या हाताने बंद केला. मग दहाएक मिनिटं बोलले. मुलीने जे सांगितलं होतं ते सांगितलं. ते काय होतं, हे मी इथे लिहिणार नाही. ते एकदा माझ्या तोंडून गेलं, तेवढं पुरे. बोलताना ते खांद्यावरच्या दुपट्ट्याने मान पुसत होते. शेवटी म्हणाले, "मले एकट्याले उचलत नव्हतं रे विजय. तुझ्यापाशी राहू दे. तिच्यासाठी घरी प्रार्थना करजो."

मी काय करत होतो? ते बोलत होते आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. त्यांना काय म्हणावं, कसं सांत्वन करावं, कोणता शब्द शोभेल. "घरी" हा शब्द मला ऐकू आला होता, पण मी ऐकला नव्हता. आणि "अजून काही राह्यलं का?" हे विचारायचं मला सुचलं नाही. आता वाटतं, त्यांचंही काहीतरी राहिलं असणार.

पुढच्या बुधवारची सभा रूथबाईंच्या घरी होती. प्रार्थनेचे विषय विचारले गेले. ही आमच्या मंडळ्यांतली एक जुनी सवय आहे, आणि जुना सापळाही. जी गोष्ट गप्पांत सांगायला माणूस कचरतो, ती प्रार्थनेचा विषय म्हणून सहज सांगितली जाते. आवाज खाली येतो, डोळे मिटतात, आणि कुचाळकीला पवित्र वस्त्र चढतं. मी मात्र कुचाळकी करायला बसलो नव्हतो, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. माझ्या मनात करुणा होती. तीही होती, हे खरं. पण मला त्या मुलीच्या दुःखासाठी एक उपमा सुचली होती. सुंदर उपमा. ती वाया जाऊ देणं माझ्याने झालं नाही.

मी नाव घेतलं नाही. "आमच्यातील एका वृद्ध सेवकाच्या लेकीसाठी" असं म्हणालो. मंडळीत सासरहून परतलेली लेक एकच होती. मग मी सगळं म्हणालो. डोळे मिटून, मृदू आवाजात, कुठेही न अडखळता. लोक हुंदके देत होते आणि त्या हुंदक्यांनी माझे शब्द अधिकच वाहते झाले.

"आमेन" झाल्यावर डोळे उघडले, तेव्हा रूथबाई दाराकडे पाहत होत्या. "अवं माय," त्या म्हणाल्या, "गुरुजीची पोरगी आत्ता इथंच होती ना? इतक्या महिन्यानं आली होती. प्रार्थना सुरू झाल्यावर दारापाशी बसली होती." दारापाशी कोणी नव्हतं. गुरुजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. त्यांचा उजवा कान माझ्याकडेच होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दोन आठवड्यांनी ती मला चर्चच्या आवारात भेटली. तिने जबलपूरला नोकरी धरली होती आणि मंडळीच्या सभासदत्वाच्या दाखल्याचा कागद घ्यायला आली होती. मी क्षमा मागू लागलो तर तिने हात वर करून मला थांबवलं.

"तुमच्यावर माझा काय राग?" ती म्हणाली. "तुम्हाले मी काही सांगितलंच नव्हतं. ज्याले सांगितलं होतं, त्यानं सांगितलं."

त्या क्षणी मला बोलायचं होतं. म्हणायचं होतं की त्यांनी ते गावभर केलं नाही, ते एका माणसाकडे आले आणि त्यांनी मला घरी प्रार्थना करायला सांगितली होती. फोडलं ते मी. चार वाक्यं पुरली असती. ज्याच्या तोंडून शब्द आपोआप येत, त्याच्या तोंडून एकही आला नाही. तिने कागद पिशवीत घातला आणि ती गेली.

गुरुजींनीच मला सभेत ती प्रार्थना करायला सांगितलं, असं सगळे धरून चालले होते. पंचांच्या पुढच्या बैठकीत एका सभासदाने विषय काढला. "साहेब, ज्याच्या घरची गोष्ट घरात राहत नाही, त्याच्यापाशी लोकांनी काय सांगावं?" कोणी विरोध केला नाही. गुरुजींनी घरभेटी काही काळ थांबवाव्यात असं ठरलं. मी त्या बैठकीत चिटणीस होतो. तो ठराव माझ्या अक्षरात आहे. गुरुजी एकदाही माझ्याकडे वळले नाहीत. ते खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत राहिले. पुष्कळ दिवस मला वाटे की रागामुळे ते माझ्याकडे पाहत नव्हते. नंतर कळलं, की त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर इतरांनीही पाहिलं असतं.

मग लोक त्यांच्याकडे जाईनासे झाले. भांडण नाही, अपमान नाही. कोणी जाईना, एवढंच. मी ऑफिसला जाताना त्या गल्लीवरून जात असे. उन्हाळ्यात त्यांचा कूलर दिवसभर चालू असे. इतरांना त्यात काही विशेष वाटलं नसेल. मला तो आवाज कोपऱ्यापासून ऐकू येई आणि मी स्कूटरचा वेग वाढवत असे. असे वीस-एक उन्हाळे गेले. मी प्रार्थना करणं सोडलं. मोठ्याने, म्हणजे चारचौघांत. लोकांना ती नम्रता वाटली. तोही गैरसमज मी दूर केला नाही.

रविवारी उपासनेनंतर गुरुजी सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडत. मी समोर आलो तर विचारत, "बरा हायेस ना?" आणि उत्तरासाठी थांबत. इतर लोक विचारून पुढे जातात. ते थांबत. मी "बरा आहे" म्हणत असे.

गेल्या मे महिन्यात मी गेलो. ते चौऱ्याऐंशीचे झाले होते. त्यांची भाचेसून लता त्यांची देखभाल करायला येऊन राहिली होती. दार उघडून ती म्हणाली, "जोरानं बोलजा बरं दादा. उजवा कानही गेला त्याईचा. ओरडल्याबिगर काही समजत नाही." आणि ती आत स्वयंपाकघरात गेली. मधला दरवाजा उघडाच होता.

मी खुर्चीवर बसलो. "गुरुजी, बोलायचं होतं," एवढं म्हणालो. ते ओठांवरून समजले असावेत. पलंगाची कड धरून ते उठले, भिंतीच्या आधाराने चार पावलं गेले आणि त्यांनी कूलर बंद केला. ज्या माणसाला आता कूलर चालू काय आणि बंद काय सारखंच होतं, तो पाती थांबेपर्यंत तिथं उभा राहिला. मग येऊन बसला. उजवा कान माझ्याकडे.

मला ओरडून सांगायला हवं होतं. मधला दरवाजा उघडा होता, खिडकीखाली शेजारच्या बाया चिंच निवडत बसल्या होत्या. ओरडलो असतो तर गल्लीने ऐकलं असतं, आणि तेच योग्य झालं असतं; कारण त्यांचं नाव गल्लीतच गेलं होतं. मी माझ्या नेहमीच्या मृदू आवाजात बोललो. सगळं सांगितलं. "घरी" हा शब्द, ती उपमा, आवारातली तिची भेट, चिटणीसाची वही. माझ्या कपाळावरचा घाम चष्म्यावर टपकत होता. गुरुजी हलले नाहीत. त्यांना ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. हे मला कधीच कळणार नाही, आणि आवाज निवडला होता तो मीच.

माझं संपलं. पुष्कळ वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, "अजून काही राह्यलं का?"

मी मान हलवली. नाही.

त्यानंतर सहा आठवड्यांनी ते गेले. अंत्यविधीनंतर आवारात कोणीतरी म्हणालं, "चांगला माणूस होता, फक्त त्या पोरीच्या वेळेला पोटात राह्यलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी तिथे उभा होतो. त्या रात्रीपासून हे लिहितो आहे आणि फाडतो आहे. म्हणून आमच्या मंडळीतल्या ज्यांच्या हाती हे पडेल, त्यांना स्पष्ट सांगतो: देवदान गुरुजींनी तुमची एकही गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्यांनी आयुष्यात एकदा स्वतःचं ओझं एका माणसापाशी ठेवलं, तो माणूस मी होतो, आणि मी ते फोडलं.

छापण्यापूर्वी हे सारं मी त्यांच्या मुलीला जबलपूरला पाठवलं. तिची परवानगी नसती तर हे पेटीतच राहिलं असतं. महिनाभराने एक पोस्टकार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: "माझं नाव नको. बाबांचं राहू द्या."

त्या मे महिन्यातल्या दुपारचं थोडं सांगायचं उरलं आहे. मी मान हलवून उठलो, त्यांच्या पायांना हात लावला आणि बाहेर आलो. फाटकाशी चपलेचा बंद लावायला वाकलो, तेव्हा उघड्या दारातून आतलं दिसलं. गुरुजी तसेच बसले होते. कान माझ्या रिकाम्या खुर्चीकडे होता, मान किंचित झुकलेली, कानशिलावरून घामाची एक धार गळ्यापर्यंत आलेली. लता पदराने वारा घेत आतून आली. "बाप्पा, केवढं उकडून राहिलं! गेले ना ते?" असं म्हणत तिने कूलरच्या बटणाकडे हात नेला.

गुरुजींनी हात वर केला. आणि ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही अशी माणसं बोलतात तसे, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "थांब वं. त्याचं बोलणं व्हाचं हाय अजून."